हृदयस्नायूची आनुवंशिक अतिवृद्धी : उपचार रुग्णाचे, तपासणी घराची

हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्यातून, म्हणजे डाव्या निलयातून, सगळ्या शरीराला रक्त जाते. प्रौढ माणसात या कप्प्याची भिंत साधारण १० ते ११ मिलिमीटरपर्यंत जाड असते. रक्तदाब वर्षानुवर्षे वाढलेला असेल किंवा महारोहिणीची झडप आकसली असेल तर कप्प्याला जादा जोर लावावा लागतो आणि भिंत जाडावते. काही माणसांत मात्र असे कोणतेही कारण नसताना ती १५ मिलिमीटर किंवा त्याहून जाड होते. बहुतेकदा दोन निलयांमधला पडदा इतर भिंतींपेक्षा जास्त फुगतो. या विकाराला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी म्हणतात. डॉक्टर त्याला ‘एचसीएम’ म्हणतात, तर रुग्णाच्या घरी ‘हृदय जाड झालंय’ एवढेच सांगितले जाते.

लंडनचे विकृतिशास्त्रज्ञ डोनाल्ड टिअर यांनी १९५८ मध्ये आठ तरुण रुग्णांच्या हृदयांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि आधुनिक वैद्यकात या आजाराला स्वतंत्र ओळख मिळाली. तो दुर्मीळ असल्याची समजूत त्यानंतर बरीच वर्षे टिकली. अमेरिकेतील सर्वसाधारण तरुणांची इको तपासणी करून १९९५ मध्ये मांडलेल्या अभ्यासात सुमारे ५०० जणांमागे एकाला तो आढळला. २०११ च्या जनगणनेनुसार सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४३ लाख होती. हेच प्रमाण इथे धरले, तर एकट्या या जिल्ह्यात आठ हजारांवर माणसांना हा विकार असू शकतो. त्यांतल्या पुष्कळांना आयुष्यभर कसलाही त्रास होत नाही आणि आजाराचा पत्ताही लागत नाही.

हा आजार मुळापासून नाहीसा करणारा उपचार आजही नाही. तरीही वेळेवर निदान झाले, औषधे नीट चालू राहिली आणि धोका ओळखून पावले उचलली, तर बहुतेक रुग्ण इतरांसारखेच दीर्घ आयुष्य जगतात. मात्र हा विकार एका माणसापुरता थांबत नाही. एकाचे निदान झाले की त्याच्या घरातील प्रत्येक रक्ताच्या नातेवाइकाचा प्रश्न उभा राहतो. म्हणून औषधाच्या चिठ्ठीइतकेच महत्त्व घराच्या तपासणीलाही आहे.

आजार पिढ्यांतून कसा उतरतो

हृदयाच्या स्नायूत मायोसिन आणि ॲक्टिन या प्रथिनांचे तंतू एकमेकांवर सरकतात आणि त्यातून ठोका तयार होतो. ही प्रथिने बनवणाऱ्या जनुकांपैकी एकात दोष असला की हे यंत्र गरजेपेक्षा जास्त जोराने आवळते, सैल पडायला वेळ घेते आणि ऊर्जा वाया घालवते. १९९० मध्ये अमेरिकेतील क्रिस्टीन आणि जोनाथन सायडमन यांच्या गटाने एमवायएच७ या मायोसिनच्या जनुकातील दोष शोधून काढला. पुढे एमवायबीपीसी३ हे दुसरे महत्त्वाचे जनुक सापडले. आज ज्या कुटुंबांत जनुकीय कारण सापडते, त्यांतील बहुसंख्य कुटुंबांत दोष या दोहोंपैकी एका जनुकात असतो.

आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आलेला एकच सदोष जनुक आजाराला पुरेसा ठरतो. त्यामुळे बाधित व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते, मग तो मुलगा असो वा मुलगी. पण दोष मिळाला म्हणजे आजार दिसेलच असे नाही. एकाच घरात वडिलांची भिंत किंचित जाड असते, मुलीला विशीतच दम लागतो आणि तोच जनुक असलेल्या मुलाचे हृदय पन्नाशीपर्यंत निरोगी दिसते.

भारतीय उपखंडाच्या दृष्टीने महत्त्वाचे संशोधन २००९ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्राचे कुमारसामी थंगराज, पेरुंदुरई धंदापाणी आणि सहकाऱ्यांनी एमवायबीपीसी३ जनुकातील २५ अक्षरे गळालेला एक प्रकार तपासला. देशभरातील शंभराहून अधिक समाजगटांतील सहा हजारांवर लोकांचे नमुने पाहिल्यावर हा प्रकार सुमारे ४ टक्के लोकांत आढळला. तो सुमारे ३३ हजार वर्षांपासून या भूभागात असावा असा अंदाज संशोधकांनी केला. त्याचे दुष्परिणाम बहुधा उतारवयात, मुलेबाळे झाल्यावर दिसत असल्यामुळे तो पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला असावा.

हा आकडा वाचून घाबरण्याचे कारण नाही. हा प्रकार असलेल्या बहुसंख्य लोकांना गंभीर आजार होत नाही. २०१८ मध्ये झालेल्या पुढच्या संशोधनात असे दिसले की यांतील काहींमध्ये त्याच जनुकात आणखी एक बदल सोबत असतो आणि हृदयाचे जादा आकुंचन त्या दुसऱ्या बदलाशी जोडलेले आहे. म्हणून केवळ २५ अक्षरांची गळती सापडली एवढ्यावरून कुणालाही रुग्ण ठरवता येत नाही.

सोलापुरात मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारी घरे एकाच गल्लीत नांदतात आणि यांतल्या अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आहे. काही ठिकाणी मामा आणि भाचीचेही लग्न होते. नवरा-बायको जवळच्या नात्यातले असले, की दोघांकडे एकच सदोष जनुक असण्याची शक्यता वाढते. तसे असेल तर दर अपत्यामागे चारात एक शक्यता अशी, की त्याला दोन्हीकडून सदोष जनुकच मिळेल. अशा बाळाला काही वेळा अगदी तान्हेपणीच गंभीर हृदयविकार होतो. घरात या आजाराचा रुग्ण असेल, तर नात्यातले लग्न ठरवण्याआधी जनुकीय सल्ला घेणे हिताचे आहे.

लक्षणे आणि निदान

चढ चढताना किंवा भरपेट जेवल्यावर चालताना दम लागणे, छातीत दुखणे, धडधड आणि भोवळ ही मुख्य लक्षणे आहेत. धावताना किंवा धावून थांबल्याबरोबर शुद्ध हरपणे हे सर्वांत गंभीर लक्षण होय. उन्हामुळे किंवा उपाशी असल्यामुळे चक्कर आली, असे म्हणून ते सोडून देऊ नये.

पुष्कळ रुग्णांत जाड पडदा आणि द्विदल झडपेचे पुढे ओढले जाणारे पान यांच्यामध्ये रक्ताची वाट अरुंद होते. याला अडथळ्याचा प्रकार म्हणतात. साधारण एकतृतीयांश रुग्णांत अडथळा विश्रांतीतही असतो, एकतृतीयांशात तो श्रमाने निर्माण होतो आणि उरलेल्यांत नसतो. अडथळ्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबांतील फरक इको तपासणीत मोजता येतो. तो ३० मिलिमीटर पारा किंवा अधिक असला की अडथळा आहे असे धरतात. ५० किंवा अधिक असून औषधांनीही त्रास कमी होत नसेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करतात.

स्टेथोस्कोप लावून रुग्णाला बसलेल्या स्थितीतून उभे केले की अडथळ्याचा आवाज मोठा होतो आणि उकिडवे बसवले की कमी होतो. हृदयात रक्त कमी भरले की अडथळा वाढतो, या आजाराच्या मूळ स्वभावाचीच ती खूण आहे. पुढची बरीचशी पथ्ये याच एका गोष्टीवरून समजतात.

ईसीजी बहुतेक रुग्णांत बिघडलेला असतो, पण निदान पक्के होते ते टू-डी इकोने. त्यासोबत २४ ते ४८ तास छातीला लावून ठेवायचे होल्टर यंत्र, ट्रेडमिल चाचणी आणि हृदयाचा एमआरआय या तपासण्या लागतात. एमआरआयमध्ये स्नायूत किती व्रण पडले आहेत हे दिसते. उच्च रक्तदाब, खेळाडूंचे कमावलेले हृदय, फॅब्री रोग किंवा ॲमिलॉइड साचणे या गोष्टींनीही भिंत जाड होते. त्या बाजूला काढल्याशिवाय निदान पूर्ण होत नाही.

घरचा इतिहास विचारताना एका शब्दापाशी थांबावे लागते. ‘चुलता ॲटॅकने गेला’ असे सांगितले जाते, तेव्हा तो बहुधा अचानक गेला एवढाच त्याचा अर्थ असतो. हृदयविकाराचा झटका हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबल्याने येतो. अतिवृद्धीत विजेची लय बिघडून हृदय थांबते. म्हणून किती वर्षांचा होता, काय करत असताना कोसळला, आधी कधी बेशुद्ध पडला होता का आणि शवविच्छेदन झाले होते का, असे नेमके प्रश्न विचारले तर जुन्या मृत्यूंचा उलगडा होऊ शकतो.

औषधे

त्रास नसेल आणि अडथळा नसेल, तर अनेक रुग्णांना औषध लागत नाही. त्यांना नियमित तपासणी पुरते. त्रास असेल तर पहिली पायरी बीटा ब्लॉकर गटातील गोळ्यांची असते. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल ही त्यांतली परिचित नावे. त्यांनी ठोक्यांचा वेग कमी होतो, हृदयाला भरायला वेळ मिळतो आणि आवळण्याचा जोर उतरतो. त्या स्वस्त असून सर्वत्र मिळतात. त्या अचानक बंद करू नयेत, कारण वेग उलटून वाढतो. बीटा ब्लॉकर सोसत नसतील, उदाहरणार्थ दम्याच्या रुग्णांत, तर व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम देतात. पुढची पायरी डायसोपायरामाइडची.

२०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले मावाकॅमटेन हे या आजाराच्या मुळाशी जाणारे पहिले औषध. गरजेपेक्षा जास्त गुंतलेले मायोसिन ते सोडवते, त्यामुळे अडथळा कमी होतो आणि दम लागणे घटते. २०२० च्या ‘एक्सप्लोरर’ चाचणीत त्याचा उपयोग सिद्ध झाला. याच गटातील अफिकॅमटेनचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. जोर उतरवण्याच्या या गुणामुळे हृदय फारच दुबळे होण्याचा धोकाही असतो, म्हणून ठराविक अंतराने इको करणे बंधनकारक असते. ओमेप्राझोलसारखी पित्तावरची साधी गोळीसुद्धा मावाकॅमटेनची रक्तातील पातळी वाढवू शकते. गरोदरपणात ते चालत नाही. अमेरिकेत ते आले तेव्हा वर्षाचा खर्च जवळपास ९० हजार डॉलर होता. त्यामुळे सामान्य रुग्णाचा आधार अजूनही जुन्या गोळ्याच आहेत.

काही औषधे अडथळ्याच्या रुग्णाला अपायकारक ठरतात. छातीत दुखले की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवण्याची सवय घराघरांत आहे. वाहिन्या तुंबलेल्या रुग्णाला त्या गोळीचा उपयोग होतो. अतिवृद्धीच्या रुग्णात मात्र वाहिन्या एकदम सैल पडून रक्तदाब कोसळतो, अडथळा वाढतो आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. रक्तदाबासाठी सर्रास दिली जाणारी अम्लोडिपिन, लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचा मोठा डोस आणि सिल्डेनाफिल यांबाबतही हीच काळजी घ्यावी. म्हणून आजाराचे नाव, अडथळा आहे की नाही आणि टाळायची औषधे लिहिलेले कार्ड रुग्णाने पाकिटात ठेवावे. गावच्या दवाखान्यात किंवा मध्यरात्री अपघात विभागात जायची वेळ आली तर ते फार उपयोगी पडते.

पडदा कमी करण्याचे उपाय

औषधे पूर्ण प्रमाणात घेऊनही दम कमी होत नसेल, तर पडद्याचा अडथळा काढण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला शस्त्रक्रियेचा. छाती उघडून, महारोहिणीतून आत जाऊन फुगलेल्या पडद्याचा तुकडा कापून काढतात. अमेरिकेतील अँड्र्यू मॉरो यांनी १९६० च्या दशकात ही मायेक्टॉमी रूढ केली. अनुभवी केंद्रांत तिच्यातील मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याहून कमी आहे आणि आराम बहुधा कायमचा असतो.

दुसरा मार्ग अँजिओग्राफीसारखाच तारेतून जाण्याचा आहे. पडद्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक शाखेत काही मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल सोडतात. तेवढा भाग मरतो, आक्रसतो आणि वाट मोकळी होते. उलरिख सिगवर्ट यांनी लंडनमध्ये १९९४ मध्ये हे सुरू केले. छाती उघडावी लागत नाही, पण विजेची वाट दुखावल्यामुळे सुमारे दहातील एकाला कायमचा पेसमेकर लागू शकतो. वयस्कर किंवा इतर आजार असलेल्यांना हा मार्ग सोयीचा, तर तरुणांना आणि झडपेतही दोष असलेल्यांना शस्त्रक्रिया बरी. दोन्हींत करणाऱ्याच्या हाताचा सराव निर्णायक असतो. म्हणून सोलापूरच्या रुग्णाने यासाठी पुणे, मुंबई किंवा हैदराबादसारख्या ठिकाणी जाताना तिथे ही विशिष्ट शस्त्रक्रिया किती वेळा झाली आहे, हे मोकळेपणाने विचारावे.

लय बिघडणे आणि अचानक मृत्यू

अचानक मृत्यूची भीती या आजाराला चिकटलेली आहे. २००३ मध्ये फुटबॉलच्या मैदानावर कोसळून मरण पावलेला कॅमेरूनचा मार्क-व्हिव्हियन फो याच्या शवविच्छेदनात हाच विकार दिसला होता. पण सर्व रुग्ण एकत्र धरले तर प्रौढांत अशा मृत्यूचे प्रमाण वर्षाला एक टक्का किंवा त्याहून कमी आहे. म्हणून जास्त धोका असलेले मोजके रुग्ण शोधणे हे डॉक्टरांचे काम ठरते. जवळच्या नात्यात पन्नाशीच्या आत असा मृत्यू, भिंत ३० मिलिमीटर किंवा जाड, कारण न सापडलेली बेशुद्धी, होल्टरमध्ये निलयाच्या वेगवान ठोक्यांच्या लडी, एमआरआयमध्ये मोठे व्रण, हृदयाच्या टोकाला आलेला फुगा आणि पंपाची शक्ती ५० टक्क्यांच्या खाली जाणे या खुणा धोका दाखवतात.

अशा रुग्णाला आयसीडी हे यंत्र बसवण्याचा सल्ला देतात. मिशेल मिरोव्स्की यांच्या प्रयत्नांतून १९८० मध्ये बाल्टिमोर इथे ते पहिल्यांदा माणसाला बसवले गेले. त्वचेखालचे हे यंत्र लय सतत पाहते आणि ती जीवघेणी झाली की विजेचा झटका देऊन पूर्ववत करते. एखाद्या वेळी कारण नसताना झटका बसतो, तारेला जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि काही वर्षांनी बॅटरी संपल्यावर यंत्र बदलावे लागते. मोबाइल यंत्राच्या विरुद्ध बाजूच्या कानाला लावावा. यंत्रमाग किंवा वेल्डिंगच्या कामावर असलेल्याने मोटारी आणि वेल्डिंग यंत्रापासून किती लांब राहायचे, हे यंत्र तपासणाऱ्या तज्ज्ञाकडून आधीच समजून घ्यावे.

वरच्या कप्प्यांची लय विस्कटणे, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, सुमारे पाचातील एका रुग्णात होते. कप्प्यात गुठळी होऊन ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. म्हणून या आजारात असे झाले की धोक्याचे इतर गुण न मोजता रक्त पातळ करणारे औषध सुरू करतात. वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉम चालू असेल तर पीटी-आयएनआर ही रक्ततपासणी वेळेवर करावी. डोस चुकला तर रक्तस्राव किंवा गुठळी, दोन्हींचे भय असते.

काही थोड्या रुग्णांत वर्षांनंतर स्नायू झिजून पंप दुबळा होतो. तेव्हा उपचाराची दिशाच बदलते आणि हृदय निकामी होण्यावरची नेहमीची औषधे सुरू होतात. तीही अपुरी पडली तर प्रत्यारोपण हा पर्याय उरतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये, जगातल्या पहिल्या हृदयप्रत्यारोपणानंतर तीन महिन्यांच्या आत, भारतातला पहिला प्रयत्न केला. रुग्ण काही तासच जगला. देशातले पहिले यशस्वी प्रत्यारोपण ऑगस्ट १९९४ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी केले.

ऊन, पाणी, काम आणि व्यायाम

सोलापूरचा उन्हाळा ४० अंशांपलीकडे जातो. घामाने अंगातले पाणी गेले की हृदयात रक्त कमी भरते आणि अडथळा वाढतो. त्यामुळे पाणी पिणे हे इथल्या रुग्णाचे रोजचे औषधच समजावे. उन्हाच्या कामावर जाताना बाटली सोबत असावी आणि जुलाब-उलट्या झाल्यास लगेच क्षार-संजीवनी सुरू करावी. मात्र हृदय दुबळे झालेल्या टप्प्यात पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. निर्जळी उपवास टाळावेत. एकादशीला किंवा रोज्यात औषधांच्या वेळा बदलण्याआधी विचारावे.

पोट तट्ट भरेल असे जेवण केल्यावर रक्त पोटाकडे वळते आणि छाती भरून येते. त्यामुळे दोनदा पोटभर जेवण्यापेक्षा चारदा थोडेथोडे खाणे सोसते. दारू, ताडी, शिंदी यांनी वाहिन्या सैल पडतात आणि अडथळा वाढतो. विडी वळणाऱ्या बाया किंवा शेतात खुरपणारी माणसे तासन्‌तास खाली बसून काम करतात. त्यांनी उठताना झटकन उभे राहू नये. आधी जरा ताठ बसावे, मग आधार धरून उठावे.

व्यायामाबद्दलची भूमिका गेल्या काही वर्षांत बदलली. पूर्वी रुग्णाला जवळपास सगळेच बंद करत. त्यातून वजन वाढे, मन खचे आणि हृदयावर आणखी भार येई. आता चालणे, सायकल, हलके योगासन असा मध्यम व्यायाम बहुतेकांना सुचवला जातो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १,६६० जणांच्या अभ्यासात जोमाने व्यायाम करणाऱ्या रुग्णांत गंभीर घटना इतरांपेक्षा जास्त दिसल्या नाहीत. हे रुग्ण तज्ज्ञांच्या देखरेखीखालचे होते, हे विसरता कामा नये. पोलीस भरतीची १,६०० मीटर धाव, आखाड्यातली कुस्ती, कबड्डी असे अचानक जोर लावायचे प्रकार तज्ज्ञांशी बोलून, जोखीम मोजूनच ठरवावेत. घरात तरुण मृत्यू झालेल्या मुलाने भरतीची तयारी सुरू करण्याआधी ईसीजी आणि इको करून घ्यावा. आषाढी वारीत चालायचे असेल तर माळशिरस-वेळापूरसारखा एखादाच टप्पा, सकाळच्या गारव्यात, सोबतीने चालावा. आधी कधी शुद्ध हरपली असेल तर तपासणी पूर्ण होईपर्यंत रिक्षा, ट्रक किंवा ट्रॅक्टर चालवू नये.

या आजारात बहुतेक स्त्रिया गरोदरपण सुखरूप पार पाडतात. पण दिवस राहण्याआधीच हृदयतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ यांची गाठ घालून औषधे ठरवावीत. मेटोप्रोलॉलसारखा बीटा ब्लॉकर सहसा चालू ठेवतात. बाळंतपण सर्व सोयी असलेल्या रुग्णालयात व्हावे आणि भूलतज्ज्ञाला आजाराची आधी कल्पना द्यावी.

घरची तपासणी

एकाचे निदान झाले की आईवडील, भावंडे आणि मुले यांचा ईसीजी व टू-डी इको करणे ही किमान गरज. नात्यातल्या व्यक्तीत १३ मिलिमीटर जाडीही निदानाला पुरेशी धरतात. पहिली तपासणी स्वच्छ आली तरी ती शेवटची ठरत नाही. वाढीच्या वयातील मुलांची दर एक-दोन वर्षांनी आणि प्रौढांची दर तीन ते पाच वर्षांनी फेरतपासणी लागते.

जनुकीय चाचणी आधी ज्याला आजार दिसला आहे त्याची करतात. नेमका दोष सापडला तर तोच दोष नातेवाइकांत शोधणे सोपे आणि स्वस्त होते. ज्यांच्याकडे तो नाही ते वारंवारच्या तपासण्यांतून कायमचे मोकळे होतात. सगळ्याच रुग्णांत दोष सापडत नाही. काही वेळा अर्थ न लागलेला बदलही सापडतो. तेव्हा इकोवरच भिस्त ठेवावी लागते. चाचणीच्या आधी आणि नंतर समुपदेशन आवश्यक आहे. सून घरात आली म्हणून आजार आला, असा दोष कुणावर लादला जाऊ नये. जनुक कुणी निवडून आणत नाही.

सोलापुरातली सोय आणि खर्च

ईसीजी, टू-डी इको आणि औषधोपचार यांसाठी सोलापूर सोडावे लागत नाही. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे सर्वांच्या तोंडचे ‘सिव्हिल’, हा गरिबांचा मोठा आधार आहे. शाळकरी मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून आहेत. दम लागणाऱ्या किंवा बेशुद्ध पडलेल्या मुलाची नोंद शिक्षकांनी या पथकाकडे करावी.

राज्याची आरोग्य विमा योजना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि त्यांत सोलापूर होते. आता ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. हृदयरोग व हृदयशस्त्रक्रिया तिच्या कक्षेत येतात. कोणत्या उपचाराला आणि कोणत्या रुग्णालयात मंजुरी मिळेल, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून आधी विचारून घ्यावे. पुण्याला जाताना जुने ईसीजी, इकोचे अहवाल आणि सीडी तारखेनुसार लावून न्याव्यात, कारण भिंत किती वर्षांत किती जाडावली हे त्यांवरूनच कळते.

माणूस कोसळला तर

श्वास बंद आणि हाक मारल्यावर प्रतिसाद नाही, अशा अवस्थेत तोंडावर पाणी मारण्यात किंवा कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नये. एकाने १०८ वर फोन करावा आणि दुसऱ्याने छातीच्या मध्यावर दोन्ही तळहात एकमेकांवर ठेवून मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबत राहावे. जवळ झटका देणारे स्वयंचलित यंत्र असेल तर लगेच लावावे. मदतीविना गेलेल्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. रुग्णाच्या घरातील निदान दोघांनी हे दाबणे शिकून घ्यावे. रुग्णवाहिका दारात येईपर्यंतचा वेळ त्यांच्याच हातात असतो.